घरचें कुत्रें आणि अडथळ्यांचा खेळ

पुण्यांत पहांटे तळजाईवर किंवा हनुमान टेकडीवर फिरावयास जाणाऱ्यास साखळीनें मालकालाच ओढून नेणारीं कुत्रीं नित्य दृष्टीस पडतात. एवढ्या जोराचें जनावर दोन खोल्यांत दिवसभर कोंडल्यावर त्यानें चपला फाडल्या, तर नवल तें काय? अशा कुत्र्यास ‘ॲजिलिटी’ हा खेळ मोठा मानवतो.

इंग्लंडांतील क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनांत, १९७८ सालीं, दोन कार्यक्रमांमधील रिकामा वेळ भरून काढण्याकरितां हा खेळ प्रथम दाखविला गेला. धर्ती घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीची. आडवे दांडे, बोगदा, नागमोडी जावयाचे खांब, चढउताराच्या फळ्या, आणि मधोमध टेकू दिलेली डुलती फळी, हे अडथळे कुत्र्यानें ठरल्या क्रमानें पार करावयाचे. मालकानें बरोबर धावावयाचें. पण साखळी नाहीं, हातांत खाऊ नाहीं, कुत्र्यास स्पर्शही नाहीं. शब्द, हात आणि स्वतःच्या अंगाचा रोख, एवढींच त्याचीं साधनें. तेव्हां ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ हे धडे पक्के झाल्यावांचून मैदानांत उतरण्यांत अर्थ नाहीं.

हौशी मालक चुकतो तो पुढें. पिलूं पांच महिन्यांचें झालें, कोचावर उडी घेऊं लागलें, कीं त्याला वाटतें, आतां दांडा दोन फूट वर न्यावा. परंतु त्या वयांत लांब हाडांच्या टोकांशीं वाढीची कोंवळी कूर्चा असते. तिचें हाड होण्यास बहुधा वर्षभर लागतें. थोराड जातींत त्याहूनही अधिक. तोंवर वारंवार उंच उड्या घेवविल्यास तिला इजा होऊन पाय कायमचा वांकडा वाढण्याची भीति असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दीड वर्षांहून लहान कुत्र्यास प्रवेश नाहीं, तो याचसाठीं. पिलाला दांडा जमिनीवर ठेवूनच ओलांडूं द्यावा. तेंही दहा मिनिटें, आणि त्याचा उत्साह टिकून आहे तोंच थांबावें.

विलायती जातच हवी असें मुळींच नाहीं. पेठेंतलें गांवठी कुत्रें अंगानें सडपातळ, वळणांत चपळ असतें. मुधोळचें कुत्रें वाऱ्यासारखें धावेल. मात्र तें नजरेनें शिकार करणारें, समोरून मांजर गेलें तर मालकाची हांक कोण ऐकतो! लांब पाठीच्या डॅक्सहुंडास उंच उड्या नकोत, आणि चपट्या नाकाच्या पगला चैत्र-वैशाखांत धावडवूं नये. त्याला धाप लवकर लागते. इतरांनाही उन्हाळ्यांत सकाळीं आठाच्या आंतच खेळवावें. फरसबंदीवर हाताची पालथी बाजू पांच-सात सेकंद टेकवत नसेल, तर कुत्र्याचे तळवेही तेथें भाजणार.

डुलती फळी सर्वांत शेवटीं. ती खालीं आपटल्याच्या आवाजानें एकदां कुत्रें दचकलें, कीं महिनोन्‌महिने तिच्याजवळ फिरकत नाहीं. याकरितां टेकूखालीं एकच वीट असावी, आणि घरांतील दुसऱ्या कोणी फळीचें टोक हातांत धरून तें हळूच जमिनीस लावावें. कुत्रें आपण होऊन पुनः फळीवर चढूं लागेपर्यंत तो हात काढूं नये.