घसा बरा झाला, पण झडप गेली

सध्या वर्क फ्रॉम होम किहीमच्या घरून चालू आहे, त्यामुळे मागे पावसाचा आवाज येईल, सांभाळून घ्या. मी डॉक्टर नाही, बीटेक झालेला प्रोग्रामर. पण आमच्या नात्यातल्या एका ताईच्या हृदयाची झडप बदलावी लागली आणि मी या विषयाच्या मागे लागलो. मूळ निघालं लहानपणीची घसादुखी.

स्ट्रेप्टोकॉकस म्हणजे साखळी करून राहणारे गोल जिवाणू. त्यातला 'अ' गट घसा धरतो, त्वचेवर फोड आणतो, क्वचित मांसही कुजवतो. बहुतेक घसादुखी विषाणूंची असते. सर्दी-खोकला सोबत असेल तर बहुधा तीच, आणि तिथे अँटिबायोटिक कामाचं नाही. पण ५ ते १५ वर्षांच्या मुलाला खोकला नाही, अचानक ताप, गिळताना दुखतंय, मानेला गाठी आल्यात, तर डॉक्टरांना दाखवाच.

खरा घोळ नंतर होतो. या जिवाणूचं एक प्रथिन आपल्या हृदयातल्या प्रथिनांसारखं दिसतं. शरीराची संरक्षण यंत्रणा पॅटर्न जुळवते आणि आपल्याच झडपांवर तुटून पडते. आमच्या भाषेत फॉल्स पॉझिटिव्ह. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. हा रुमॅटिक फीव्हर. सांधे सुधारतात, झडप मात्र खराब होऊन बसते. बाईला ते कधीकधी कळतं थेट गरोदरपणात, धाप लागते तेव्हा.

औषध काही नवलाईचं नाही, पेनिसिलिन. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये ते १९५५ पासून बनू लागलं. 'अ' गट आजही त्याला दाद देतो. घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांत सुरू केलं तरी रुमॅटिक फीव्हर टळू शकतो. पण गोळ्या १० दिवस घ्यायच्या असतात, आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की पाकीट फळीवर जातं.

एकदा हा ताप येऊन गेला की दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन, तेही अनेक वर्षं. ताईची इंजेक्शनं मध्येच सुटली. आळस नव्हता हो. अलिबागला जायचं म्हणजे एसटी, रांग आणि एका दिवसाची मजुरी बुडणार. तेही दर महिन्याला.

म्हणून एवढंच सांगतो. ओळखीत कुणाचं हे इंजेक्शन चालू असेल तर तारीख आपल्या मोबाइलमध्ये टाका, आणि जमलं तर त्या दिवशी गाडीवर मागे बसवून घेऊन जा. भेटू पुढच्या भागात.