पाषाणावरची हरिणी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



इजिप्तच्या प्रवासात पिरॅमिड पाहिले. परंतु मनात घर करून राहिले ते एक ओसाड खोरे. त्याचे नाव वादी हम्मामात. नाईलकाठच्या किफ्त गावाहून तांबड्या समुद्रावरील कुसैर बंदराकडे जाणाऱ्या वाळवंटी मार्गावर ते आहे. दोन्ही बाजूंस काळपट कडे, मध्ये तापलेली वाळू. येथून ‘बेखेन’ नावाचा हिरवट-काळा, कठीण पाषाण काढला जाई. राजांच्या मूर्ती व शवपेट्या त्यातून घडत. कड्यांवर प्रागैतिहासिक नावा आणि वन्य पशू कोरलेले आहेत, शेजारी शेकडो लेख आहेत. याच खोऱ्याचा, इ.स.पू. ११५० च्या सुमाराचा पपायरसवरील नकाशा आज इटलीतील तुरीनच्या संग्रहालयात आहे. जगातील सर्वांत जुना ज्ञात भूवैज्ञानिक नकाशा म्हणून तो मानला जातो.

दोन लेखांपाशी मी थबकलो. पहिला चौथ्या रामसेसच्या मोहिमेचा. आठ हजारांहून अधिक माणसे पाषाण आणण्यास निघाली होती. त्यांची पदवार मोजदाद देताना लेखात नोंद येते : मृत ९००. नावे नाहीत, केवळ आकडा.

दुसरा लेख त्याहून सुमारे आठशे वर्षे जुना, चौथ्या मेंतुहोतेप राजाच्या काळातील. वजीर अमेनेमहात दहा हजार माणसे घेऊन राजाच्या शवपेटीच्या झाकणासाठी शिळा शोधत होता. तेव्हा एक गाभण हरिणी माणसांच्या समोरून चालत आली, एका शिळेवर थांबली आणि तेथेच व्याली. हा दैवी संकेत मानून तीच शिळा निवडण्यात आली आणि त्या शिळेपुढेच हरिणीचा बळी देण्यात आला. पाडसाचे पुढे काय झाले, हे लेख सांगत नाही.

श्रोतेहो, त्या माणसांना क्रूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांनी तिच्यात देवाचा संकेत पाहिला; तिच्यातली आई मात्र त्यांना दिसली नाही. त्या क्षणी मला भगवान नेमिनाथांचे स्मरण झाले. विवाहमंडपाच्या वाटेवर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून त्यांनी रथ मागे वळविला. आक्रोश वऱ्हाडातील साऱ्यांच्याच कानी पडला असेल. ऐकला तो एकाने.

मी खाणीकडे बोट दाखवतो आहे, पण आपले काय? पृथ्वीकायिक जीव मानणारे, फोडीकर्म वर्ज्य सांगणारे आपण. मंदिरासाठी संगमरवर मात्र आपणही आणतो. ते अपरिहार्य असेल, तर निदान विवेक जागा असावा.

न्यासाला पन्नास वर्षे झाली. आपल्या दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या नावांची शिळा आहे, ती असावीच. परंतु ज्यांनी पाया खणला, दगड वाहिला, पन्नास वर्षे अंगण झाडले, त्यांची नावे कोठे आहेत? ‘मृत ९००’ असा आकडा आपल्या हातून कोरला जाऊ नये. या वर्षी दुसरी शिळा बसवावी आणि ती नावे तीवर यावीत, एवढीच विश्वस्तांना नम्र विनंती.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.