नकोशा दूरध्वनींचा बंदोबस्त



दुपारची वामकुक्षी ही निवृत्त शिक्षकाची मोठी चैन. डोळा लागतो न लागतो तोंच मोबाइल खणखणतो, आणि कर्ज हवें काय, भूखंड हवा काय, असें कोणी अपरिचित व्यक्ति गोड आवाजांत विचारूं लागते. या उपद्रवाला कंटाळून मीं गेल्या वर्षीं एका खासगी सेवेची वर्गणी भरली. ते पैसे सत्कारणीं लागले काय, याचा हिशेब आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम कायदा काय देतो तें पाहूं. व्यापारी दूरध्वनींस नकार नोंदविण्याची राष्ट्रीय नोंदवही आपल्या देशांत २००७ सालीं सुरू झाली. १९०९ या क्रमांकावर दूरध्वनि करून किंवा संदेश पाठवून कोणासही आपला नकार नोंदवितां येतो. त्यास एक पैही पडत नाहीं. सर्वच जाहिराती बंद कराव्या, कीं कर्ज, घरें-जमिनी, शिक्षण, आरोग्य यांपैकीं निवडक विषय तेवढे बंद करावे, हें आपणच ठरवावयाचें. इतकें करूनही कोणी छळलें, तर त्याच क्रमांकावर तक्रार करावी. पूर्वीं ती तीन दिवसांचे आंत करावी लागे. २०२५ च्या दुरुस्तीनें ही मुदत सात दिवसांची झाली आहे.

मग नोंद करूनही घंटा कां वाजते? कारणें दोन. रीतसर नोंदणी न करतां साध्या दहा आंकडी क्रमांकांवरून व्यापार करणारे लोक नोंदवहीकडे पाहतच नाहींत, हें एक. दुसरें कारण आपण स्वतःच! कापडाच्या दुकानांत बिलाबरोबर आपण क्रमांक सांगतों, सोडतीच्या चिठ्ठीवर तो लिहितों, आणि बारीक अक्षरांतील संमतीपुढें न वाचतां खूण करतों. अशी स्पष्ट संमति दिली, कीं नोंदवहींतील नकार त्या दुकानदारापुरता लंगडा पडतो.

पहिल्या कारणावर खासगी सेवेचा कांहीं उपयोग होतो, हें कबूल केलें पाहिजे. ज्या क्रमांकांविरुद्ध पुष्कळांनीं गाऱ्हाणें केलें, ते ती ओळखते. परंतु अशा कित्येक सेवा आपली नांवांची वही वाचण्याची परवानगी मागतात. म्हणजे स्वतःच्या शांततेसाठीं आप्तेष्टांचे क्रमांक परक्याच्या स्वाधीन करावयाचे!

आणखी एक किंमत मला फार जड गेली. सर्व अनोळखी क्रमांक परस्पर अडविण्याची सोय मीं हौसेनें चालू केली होती. श्रावणांत सांगलीस माझी थोरली बहीण घरांत पडली. शेजारच्या मुलानें स्वतःच्या फोनवरून मला चार वेळां बोलावलें. माझ्या उशाशीं यंत्र मुकेंच राहिलें. मला तें दुसऱ्या दिवशीं कळलें. अक्का बरी झाली. पण “रात्रभर तुझी वाट पाहिली रे,” हे तिचे शब्द अजून कानांत आहेत.

तेव्हां, श्रोतेहो, प्रथम १९०९ वर फुकट नोंद करावी, तक्रारीचा आळस करूं नये, आणि आपला क्रमांक घराच्या किल्लीप्रमाणें जपावा. एवढ्यानें भागलें नाहीं, तर नुसती सूचना देणारी सेवा घ्यावी. आपल्यावतीं दार लावून घेणारी घेऊं नये. मीं यंदा वर्गणी भरलेली नाहीं. झोंप थोडी मोडते; पण अक्काचा दूरध्वनि येतो.