सट्ट्याच्या ॲपचा मेनू एवढा लांब का असतो?

(या भागाचं लेखी रूप. बोलताना दोनदा म्हटलेलं, अडखळलेलं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज आवाजात थोडा वारा येईल, सांभाळून घ्या. मी पुण्यातल्या खोलीत नाही, गावाला आलोय. गिरड, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा. समोर बाबा फरीदांची टेकडी दिसतेय. तिथे जायफळासारखे, सुपारीसारखे गोल गोल दगड सापडतात. गोष्ट अशी सांगतात की, माल घेऊन जाणाऱ्या बंजारा व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. लहानपणी आम्ही ते दगड खिशात भरून आणायचो. माल असतो, बघता बघता दगड होतो. ही गोष्ट मला गेल्या वर्षभरात फार आठवली, ती का ते पुढे सांगतो.

विषय आहे ऑनलाइन सट्टा. 'सट्टा वाईट आहे, खेळू नका' एवढंच सांगायचं असतं तर दोन मिनिटांत भाग संपला असता. ते सगळ्यांना माहीत आहे, माझ्या चुलतभावालाही माहीत होतं. मला त्या ॲपचा मेनू उघडून दाखवायचाय. तो एवढा लांब का असतो, हे कळलं तर बरंच काही कळतं.

आधी माझी बाजू सांगून टाकतो, नाहीतर पुढचं बोलायचा मला हक्क नाही. बी.टेक. झाल्यावर माझी दुसरी नोकरी पुण्यात एका छोट्या कंपनीत होती. नाव घेत नाही. क्लायंट परदेशी होता, तिकडे परवाना असलेला बुकमेकर. आमच्याकडे काम होतं डेटाचं. मैदानावरून स्कोअर येतो, त्यावरून भाव येतात, ते स्क्रीनवर मांडायचे. माझ्याकडे जो तुकडा होता तो म्हणजे मेनूचा क्रम. कुठलं मार्केट वर दाखवायचं, कुठलं खाली. नियम साधा होता: ज्या मार्केटवर मिनिटाला जास्त बेट लागतात ते वर. मी तो कोड लिहिला, टेस्ट केला, शाबासकी घेतली. दीड वर्ष केलं. तेव्हा मला तो सॉर्टिंगचा प्रश्न वाटत होता.

आता 'मार्केट' म्हणजे काय? बाजार नव्हे. ज्या एका प्रश्नावर पैसे लावता येतात तो प्रश्न म्हणजे मार्केट. 'सामना कोण जिंकणार' हे एक मार्केट. 'टॉस कोण जिंकणार' हे दुसरं. पहिल्या सहा ओव्हरमध्ये किती रन, सर्वात जास्त रन कोण काढणार, पुढची विकेट कॅच की बोल्ड, या ओव्हरमध्ये चौकार जाणार का. फुटबॉल उघडा: एकूण गोल अडीचच्या वर की खाली, दोन्ही संघ गोल करतील का, कॉर्नर किती, पिवळी कार्डं किती. 'एशियन हँडिकॅप' म्हणून एक प्रकार असतो. त्यात ताकदवान संघाला आधीच अर्धा किंवा एक-दीड गोल मागे धरतात. अर्धा गोल का? तर बरोबरी शक्यच राहू नये, कोणीतरी हरलंच पाहिजे. टेनिसमध्ये सेट, गेम, अगदी पुढचा पॉइंट. शिवाय कबड्डी, स्नूकर, डार्ट्स, कुत्र्यांच्या शर्यती, ई-स्पोर्ट्स. आणि सगळ्यात शेवटी 'व्हर्च्युअल' खेळ. म्हणजे सामनाच नाही. कॉम्प्युटर एक आकडा काढतो आणि स्क्रीनवर खोटे घोडे धावतात.

मोठ्या फुटबॉल सामन्याला अशी शेकड्यांनी मार्केट असतात. प्रश्न असा की एवढी का? लोकांना आवड म्हणून? थोडीफार. पण खरं कारण गणितात आहे.

साधं नाणं घ्या. छाप की काटा, शक्यता निम्मी-निम्मी. प्रामाणिक भाव असता तर १०० लावून जिंकल्यावर २०० परत मिळायला हवेत. बुकमेकर देतो १९०. दोन्ही बाजूंना १९०. म्हणजे तुम्ही लावलेल्या प्रत्येक १०० मागे सरासरी ५ रुपये त्याचे. छाप येवो की काटा, त्याला घेणंदेणं नाही.

आपल्याकडच्या सेशनमध्ये हेच वेगळ्या कपड्यात असतं. सहा ओव्हरचा भाव '४७-४८' असा येतो. 'नो' म्हटलं तर ४७ पेक्षा कमी रन व्हायला हवेत, 'येस' म्हटलं तर ४८ किंवा जास्त. आता बरोबर ४७ झाले तर? नो वाला हरला, येस वालाही हरला. दोघांचे पैसे एकाच खिशात गेले. तो एका रनचा फरक म्हणजे दुकानाचं भाडं.

आता जुन्या मटक्याशी तुलना करू. मटक्याचा जन्म आपल्या कापसातून झालाय, हे वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने माहीत करून घ्यायला पाहिजे. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद होते भाव मुंबईच्या कापूस बाजारात तारेने यायचे आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे मटक्यातले शब्द तिथले. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं. मग सट्टेवाल्यांनी आकडे स्वतःच काढायला सुरुवात केली. १९६२ मध्ये कल्याणजी भगतचा मटका आला, १९६४ मध्ये रतन खत्रीचा न्यू वरळी मटका. म्हणजे बघा, कापूस निघून गेला तरी सट्टा राहिला. खाली काही खरं असलंच पाहिजे अशी सट्ट्याची अट तेव्हाही नव्हती. आजचे खोटे घोडे ही त्याचीच पुढची पिढी.

मटक्यात दहा आकड्यांपैकी एकावर लावायचं आणि लागला तर नऊपट. म्हणजे १०० मागे सरासरी १० रुपये मटकेवाल्याचे. ॲप फक्त ५ घेतं. कागदावर ॲप निम्म्याने स्वस्त! माझा चुलतभाऊ मला हेच सांगायचा, "भाऊ, याच्यात भाव चांगला भेटते."

पण मटक्यात एका बाजाराचे दिवसाला आकडे दोन, ओपन आणि क्लोज. दोन्हीवर शंभर-शंभर लावले तर उलाढाल २०० आणि सरासरी नुकसान २०. टी-ट्वेंटी सामन्यात पूर्ण खेळ झाला तर २४० चेंडू. त्यातल्या साठ चेंडूंच्या आसपास कशा ना कशावर शंभर-शंभर लावले तर उलाढाल ६,००० आणि सरासरी नुकसान ३००. टक्का निम्मा, नुकसान पंधरापट. मेनू लांब असण्याचं कारण हे आहे. दुकानदाराला तुम्ही एकदा मोठी रक्कम हरायला नकोय. त्याला तुमचे फेरे वाढवायचेत. आणि मी लिहिलेला नियम आठवा: मिनिटाला जास्त बेट लागणारं मार्केट वर. मी फेरे वाढवायचंच यंत्र बनवत होतो.

अजून एक सांगतो. जेवढं मार्केट बारीक, तेवढा दुकानाचा टक्का साधारणपणे जास्त असतो. पाच बेट जोडून एकत्र लावायची सोय असते, त्यात तो टक्का गुणत जातो. १.९० भावाचे पाच नाणेफेक जोडले तर मिळतात २४.७६ पट. प्रामाणिक भाव ३२ पट. सात पट कुठे गेले ते विचारायला कोणी थांबत नाही, कारण स्क्रीनवर '२४ पट' हिरव्या अक्षरांत असतं.

आणि मेनू कधी रिकामा ठेवत नाहीत. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जगातले खेळ बंद पडले, तेव्हा बुकमेकर बेलारूसच्या फुटबॉलवर आणि रशिया-युक्रेनमधल्या टेबल टेनिसवर चालले. २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोलीपूर गावी पोलिसांनी चक्क खोटी आयपीएल पकडली. शेतात पीच, मजुरांना सामन्यामागे ४०० रुपये, अंगात टी-शर्ट, यूट्यूबवर लाइव्ह. आणि पैसे कोण लावत होतं? रशियातली माणसं. आपण हसलो तेव्हा. पण रशियातल्या त्या माणसाला मोलीपूर जेवढं माहीत, तेवढंच आपल्याला तिथलं टेबल टेनिस माहीत.

आता घरातलं. चुलतभावाला विचारूनच सांगतोय. नाव नाही सांगणार.

तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. शेती करतो, कापूस आणि तूर. २०२५ च्या आयपीएलमध्ये त्याला व्हॉट्सॲपवर एकाने 'आयडी' दिली. हे आपल्याकडचं मॉडेल. परवानावाली कंपनी वगैरे काही नाही. एजंट आयडी-पासवर्ड देतो, तुम्ही त्याच्या यूपीआयवर पैसे टाकता, तो कॉइन देतो. एजंटच्या वर मास्टर, त्याच्या वर सुपर मास्टर. दर वेळी पैसे टाकायचं खातं वेगळं. मी घरी आलो तेव्हा त्याने कौतुकाने मला मोबाइल दाखवला. "हे पाय ना भाऊ, याच्यात कबड्डीबी हाय." मी पाहिलं आणि गप्प झालो. रंग वेगळे होते, पण मांडणी तीच. सगळ्यात वर 'पुढची ओव्हर'.

तो म्हणाला, पाचशेच्या वर लावत नाही. खरंच नव्हता लावत. पण हिशोब करू. ५०० चे ६० बेट म्हणजे एका सामन्यात ३०,००० ची उलाढाल. ५ टक्क्यांनी १,५०० रुपये. आयपीएलचे सामने ७४. म्हणजे १,११,०००. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. पावणेपंधरा क्विंटल कापूस झाला तो. आमच्याकडे कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल निघतो. अडीच-तीन एकर शेत त्याने वर्षभर दुसऱ्याच्या नावाने पेरलं. पाचशेच्या वर न जाता.

हे दगड होणं मी म्हणत होतो.

पण खरा घाव पुढे बसला. उधारी झाली तेव्हा एजंट म्हणाला, "पैशाचं राहू दे, तुझं खातं वापरायला दे काही दिवस." भावाला वाटलं सुटलो. पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड, सगळं दिलं. त्या खात्यातून कोणाकोणाचे पैसे फिरले देव जाणे. दुसऱ्या राज्यात कुठेतरी तक्रार झाली आणि खातं फ्रीज झालं. कापसाचे उरलेले पैसे त्याच खात्यात होते. काकांना हे कळलं ते बियाणं घ्यायला गेले तेव्हा. काका रागावले नाहीत. मला फोन करून एवढंच विचारलं, "तू कॉम्प्युटरचा माणूस. तुले माहीत नव्हतं का रे?"

मला माहीत होतं. त्या मोबाइलकडे पाहून मी गप्प बसलो होतो. का? तर 'हे काय आहे ते मला कसं माहीत' हे सांगावं लागलं असतं म्हणून.

हे फक्त गरिबाचं किंवा अडाण्याचं दुखणं आहे असं समजू नका. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने तक्रार केली की ऑनलाइन सट्ट्यात ५८ कोटींना फसवलं. पोलिसांनी गोंदियात छापा टाकला तर घरात कोट्यवधींची रोकड आणि सोनं निघालं. ५८ कोटी हरणाऱ्या माणसाला हिशोब येत नव्हता असं म्हणता येईल का?

कायद्याचं थोडक्यात. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायला महालक्ष्मी रेसकोर्सवर आणि पुण्यात परवानगी आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं. बाकी सट्टा आपल्या राज्यात १८८७ च्या कायद्यापासून गुन्हा. न्यायमूर्ती लोढा समितीने २०१६ मध्ये क्रिकेटवरचा सट्टा कायदेशीर करून नियमात आणा असं सुचवलं होतं. झालं उलट. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण पुष्कळ पोरं भीतीने तोंड उघडत नाहीत. मात्र खातं भाड्याने देणं हे खेळणं नाही, तिथे तुम्ही गुन्ह्याच्या साखळीत जाता.

व्हॉट्सॲपवरची आयडी कायद्याने आपोआप बंद होत नाही. म्हणून तीन गोष्टी. एक, खातं, सिम, कार्ड कोणालाही देऊ नका, मित्र असला तरी. दोन, फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर तितके पैसे लांब जातात. तीन, सुटत नसेल, झोप उडाली असेल, मनात भलतंसलतं येत असेल तर १४४१६, टेलिमानस. फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि माझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांना एक. तुमच्या घरात कोणी असा मेनू दाखवला तर गप्प बसू नका. हिशोब मांडून दाखवा. उपदेशाने माझा भाऊ हलला नसता. पावणेपंधरा क्विंटल कागदावर पाहिल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे तू तवाच सांगायचं ना भाऊ."

खातं अजून सुटलेलं नाही. परवा त्याच्याबरोबर पुन्हा बँकेत आणि पोलीस स्टेशनला जायचंय, म्हणूनच आलोय. बियाण्याचे पैसे मी दिले. काकांनी ते उधार म्हणून वहीत लिहून घेतले, मी नको म्हटलं तरी.

चला, थांबतो. कोणाला हिशोब समजला नसेल तर लिहा, पुन्हा मांडून देईन. भेटू पुढच्या भागात.