आठ सिलिंडर, दोन दारं



मोटारगाडीवर बोलण्यासाठी व्याख्यानमालेत बोलावणं येतं, आणि तेही पवईत, याचा मला मनापासून आनंद आहे. आजच्या विषयाचं मुंबईतलं एक मूळ इथून फार लांब नाही. पवईतून उतरून लाल बहादूर शास्त्री मार्गाला लागलं आणि कुर्ल्याकडे वळलं की पूर्वी प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना यायचा. तुमच्यातल्या जुन्या लोकांना तो आठवत असेल. प्रीमियर म्हटलं की आपल्याला पद्मिनी आठवते, काळी-पिवळी टॅक्सी आठवते. पण हा कारखाना सुरू झाला तो अमेरिकन गाड्यांवर.

सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद १९३९ साली अमेरिकेला गेले ते मोटारींचा कारखाना काढायचा म्हणून. त्याच प्रवासात विमानात विल्यम पॉली या विमानांच्या धंद्यातल्या गृहस्थाशी त्यांची गाठ पडली आणि त्यातून १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना उभा राहिला. ज्यासाठी गेले होते तो मोटारींचा कारखाना मात्र युद्धकाळात सरकारने अडवून धरला. वालचंदांनी हेका सोडला नाही. १९४४ साली प्रीमियर कंपनी निघाली, क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या. त्याच्याही आधी, १९२८ पासून, शिवडीला जनरल मोटर्स शेव्हरले जोडत होती. म्हणजे फियाट येण्याअगोदरची मुंबई ही अमेरिकन गाड्यांची मुंबई होती. मोठी टॅक्सी म्हणजे डॉज किंवा प्लिमथ, आणि आतली सीट दिवाणखान्यातल्या कोचासारखी.

या सगळ्या चार दारांच्या गाड्या. मला आज बोलायचं आहे दोन दारांच्या, आलिशान आणि प्रचंड इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांबद्दल. तिकडे त्यांना कूपे म्हणतात. हा शब्द आपल्याला रेल्वेमुळे ठाऊक आहे, पहिल्या वर्गातला दोघांपुरता डबा. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ कापलेला. मोठी गाडी मागून कापून दोघांपुरती केली की ती कूपे.

आपल्याकडे ही जात फारशी रुजली नाही, आणि त्याचं कारण मला साधं वाटतं. आपल्याकडे गाडीचा मालक मागे बसायचा, ड्रायव्हर पुढे. दोन दारांच्या गाडीत मागे शिरायचं तर पुढची सीट वाकवावी लागते. लुगडं नेसलेल्या आजीला ते कसं जमणार? कूपे ही स्वतः चालवणाऱ्याची गाडी. चालवण्याचा आनंद हा मालकाने घ्यायचा असतो, ही कल्पनाच आपल्याकडे उशिरा आली. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स इथून गेली, आयात आवळली गेली, आणि नंतर अशी गाडी दिसली तर एखाद्या संस्थानिकाकडे, सिनेनटाकडे नाहीतर वकिलातीतल्या माणसाकडे.

अमेरिकेतही या गाड्यांना त्यांच्या वाट्याचं कौतुक मिळालेलं नाही. मस्टँग सगळ्यांना माहीत आहे. इंपाला तर आपल्या हिंदी सिनेमाने घराघरात नेली. पण १९६३ ची ब्यूक रिव्हिएरा, १९६६ ची ओल्डस्मोबिल टोरोनॅडो, १९६७ ची कॅडिलॅक एल्डोराडो यांची नावं सांगितली तर गाड्यांची आवड असलेला तरुणही थांबून विचार करतो. त्यांना शर्यतीच्या गाड्या म्हणता येत नाही, म्हणून वेगवाले त्यांच्याकडे बघत नाहीत. त्या दांडग्या आहेत, पेट्रोल पितात, म्हणून शहाणे लोक नाक मुरडतात. मला वाटतं, त्यांच्याकडे बघायची जागाच चुकते. सगळे पत्रा बघतात. बॉनेट उघडून बघायला हवं.

थोडा हिशोब सांगतो. १९७० च्या एल्डोराडोचं इंजीन ५०० घन इंचांचं, म्हणजे ८.२ लिटरचं. आठ सिलिंडर. भागाकार केला तर एका सिलिंडरच्या वाट्याला एक लिटरहून थोडं जास्त येतं. आपल्या पद्मिनीचं अख्खं इंजीन १०८९ सीसीचं होतं. म्हणजे एल्डोराडोच्या एका सिलिंडरमध्ये जवळपास एक पद्मिनी मावते, आणि अशा आठ पद्मिनी एका बॉनेटखाली एका क्रँकला जोडलेल्या असतात. कॅडिलॅकने त्या इंजिनाची ताकद ४०० अश्वशक्ती सांगितली होती. पुढे हा आकडा झपाट्याने खाली आलेला दिसतो. त्याचं एक कारण म्हणजे कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन कमी केलं, आणि दुसरं म्हणजे १९७२ पासून मोजायची रीतच बदलली. आधी नुसतं इंजीन स्टँडवर ठेवून मोजत, नंतर सायलेन्सर, पंखा, डायनॅमो सगळं जोडून मोजू लागले.

पण अश्वशक्तीचा आकडा इथे दुय्यम आहे, हे ब्यूकवाल्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. १९६३ च्या रिव्हिएराचं बॉनेट उघडलं की एअर क्लीनरवर लिहिलेलं असतं वाइल्डकॅट ४४५. हा आकडा त्या इंजिनाच्या टॉर्कचा. ४०१ घन इंचांचं इंजीन, ३२५ अश्वशक्ती, पण कंपनीने मिरवायला निवडला तो ४४५ फूट-पौंडांचा पीळ, आणि तो मिळतो मिनिटाला अवघ्या २८०० फेऱ्यांवर. या इंजिनाला मेकॅनिक लोक नेलहेड म्हणत, खिळ्याचं डोकं, कारण त्याचे व्हॉल्व्ह इंजिनाच्या मानाने लहान आणि उभे असत. लहान व्हॉल्व्हचं इंजीन वरच्या फेऱ्यांवर धापा टाकतं, पण खालच्या फेऱ्यांवर जोर लावतं. रिव्हिएराच्या माणसाला हेच हवं होतं.

बोरघाट चढलेल्या माणसाला हे पटकन कळेल. भरलेली फियाट घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये केकाटायची, आणि रेडिएटरला पाणी पाजायला गाड्या रांगेने उभ्या असायच्या. मोठं इंजीन चढ चढताना आवाज चढवत नाही. पाय किंचित दाबला की गाडी पुढे सरकते आणि आत बसलेल्याला इंजिनाची मेहनत जाणवत नाही. कुस्तीतला कसलेला पैलवान जसा उगाच हातपाय झाडत नाही, तसं. आलिशानपणा म्हणजे लाकूड, चामडं, क्रोम असं आपण समजतो. या गाड्यांचा आलिशानपणा त्यांच्या इंजिनाच्या स्वस्थपणात आहे.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर मी वीस वर्षांचा होतो आणि मुंबईतल्या एका गॅरेजमध्ये मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकत होतो. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले होते आणि मोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजीन बसवून घ्यायची लाट आली होती. पर्किन्सचं इंजीन सहज मिळायचं, पार्ट मिळायचे, अ‍ॅव्हरेज मिळायचं. एके दिवशी एक दोन दारांची ब्यूक आली, १९५० च्या आसपासची. तिच्यात एका रांगेत आठ सिलिंडर होते. मिस्त्रींनी इंजीन उतरवण्याआधी एकदा चालू केलं. मला म्हणाले, “हात ठेव.” मी हेडवर तळवा ठेवला. गरम होतं, पण थरथर जवळजवळ नाही. आवाज असा की शेजारी कोणी हळू बोललं तरी ऐकू यावं. मिस्त्री काही वेळ तसेच उभे राहिले, मग किल्ली बंद केली.

दुपारपर्यंत चेनपुलीने इंजीन बाहेर काढलं. क्रँक दोन हात लांब होता. दोन दिवस इंजीन भिंतीशी पडलं होतं, तिसऱ्या दिवशी भंगारवाला तराजू घेऊन आला. ब्लॉक वेगळा, हेड वेगळं, वजन झालं, पैसे मोजले. ब्यूकमध्ये डिझेल बसलं आणि ती सुरू झाली तेव्हा तिची लांबलचक दारं खडखडू लागली. काचा थरथरत होत्या. बाहेरून गाडी तीच होती, पण तिचं गाडीपण गेलं होतं. त्या गॅरेजचं मी नाव घेणार नाही, कारण सगळीकडे तेच चाललं होतं आणि मालकालाही परवडत नव्हतं. पण ते इंजीन भंगारात जायला नको होतं. ते कोपऱ्यात झाकून ठेवता आलं असतं. आज पन्नास वर्षं झाली तरी मला ते लागून राहिलं आहे.

टोरोनॅडो मी अगदी जवळून पाहिली ती बऱ्याच वर्षांनी, मिशिगनमध्ये भाच्याकडे गेलो तेव्हा. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मोठी वारी निघते. लोक खुर्च्या टाकून फुटपाथवर बसलेले असतात आणि गाड्या सावकाश पुढून जात राहतात. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थाने आपली १९६६ ची टोरोनॅडो उभी केली होती. मी मुंबईचा मेकॅनिक म्हटल्यावर त्याने सगळी गाडी उघडून दाखवली.

मंडळी, ही गाडी म्हणजे इंजिनिअरिंगचं धाडस आहे. इंजीन ४२५ घन इंचांचं, म्हणजे सात लिटरचं, ३८५ अश्वशक्तीचं, आणि एवढी ताकद पुढच्या चाकांना दिलेली. १९३० च्या दशकातल्या कॉर्डनंतर अमेरिकेत पुढची चाकं ओढणारी गाडी कोणी विकायला काढली नव्हती. आता सात लिटरचं इंजीन आणि गिअरबॉक्स एका बॉनेटखाली मावणार कसे? त्यांनी टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाच्या मागे ठेवला, तिथून दोन इंच रुंदीच्या साखळीने शक्ती बाजूला वळवली आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या कुशीत उलट्या तोंडाने बसवला. ती साखळी आधीच ताणून बसवलेली असते, तिला टेन्शनर लागत नाही. याच यंत्रणेवर पुढे जीएमसीने चालतं-फिरतं घर असलेली मोटार काढली. म्हणजे साखळी किती भरवशाची निघाली ते बघा.

मी आत बसलो. पायाखाली जमीन सपाट, मधला उंचवटा नाही. स्पीडोमीटरला काटा नव्हता, आकड्यांचं गोल फिरणारं एक नळकांडं पुढ्यात होतं. दारं इतकी लांब की मागच्या माणसाला हात पोचणार नाही, म्हणून प्रत्येक दाराला आतून दोन हँडल होती, एक पुढच्यासाठी, एक मागच्यासाठी. मला सगळ्यात जास्त ते दुसरं हँडल आवडलं. चालवणाऱ्यासाठी केलेल्या गाडीतही मागच्या माणसाचा विचार कोणीतरी बसून केला होता.  त्या गृहस्थाने किल्ली फिरवली आणि इतक्या वर्षांनी मला पुन्हा तो स्वस्थ आवाज ऐकू आला.

आज ही इंजिनं रोज चालवावीत असं मी म्हणत नाही. लिटरला चार-पाच किलोमीटर जाणारी गाडी घेऊन कोणी जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावरच्या गर्दीत उभं राहावं, असा माझा आग्रह नाही. पण जपून ठेवायच्या वस्तूला रोजच्या वापराचा निकष लावायचा नसतो. आणि इथे कायदाही इंजिनाच्या बाजूने आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरप्लेटवर व्हीए ही अक्षरं येतात आणि प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, संशोधनासाठी गाडी रस्त्यावर काढता येते. एक अट आहे, गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजीन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. पन्नास वर्षांपूर्वी अ‍ॅव्हरेजसाठी काढून फेकलेलं इंजीन आज त्या गाडीची ओळख ठरतं आहे.

माझ्यापुढे आयआयटीतले विद्यार्थी बसले आहेत, म्हणून त्यांना एक सांगतो. या इंजिनांत संगणक नाही. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, प्लग, सगळं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. एखादं जुनं इंजीन मिळालं तर उघडा, मोजा, रिंगा बघा, बेअरिंगवरच्या खुणा वाचा. त्यातून जे कळतं ते कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमधून कळत नाही.

आणि बाकी सगळ्यांना विनंती. मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात, गावच्या वाड्यात, कुणाच्या तरी गोठ्यामागे अशी इंजिनं अजून पडून आहेत. आजोबांच्या गाडीतून काढलेलं इंजीन तुमच्याकडे असेल तर भंगारवाल्याला बोलावू नका. ब्लॉकमधलं पाणी काढून टाका. प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडा आणि महिन्यातून एकदा क्रँक हाताने फिरवा. ब्लॉकवरचा नंबर कापडाने पुसून वहीत लिहून ठेवा, आणि जुनं आरसी बुक सापडलं तर त्याच वहीत जपा.