काच, यंत्र आणि दृष्टी
(रुग्णालयाच्या चष्मा कार्यशाळेच्या उद्घाटनप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्या रुग्णालयात चष्म्याच्या काचा कापण्याचे जे यंत्र सुरू होत आहे, ते शस्त्रक्रियागृहातील यंत्रांसारखे दिपवून टाकणारे नाही. टेबलावर मावेल एवढी ती एक पेटी आहे. मात्र तिच्यामागे आमची एक चूक आहे, आणि ती आपल्यापुढे मोकळेपणाने मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी शिवणकामावर घर चालवणाऱ्या एका भगिनीस आम्ही चार नंबरचा चष्मा दिला. काचा बाहेरगावच्या कार्यशाळेतून करून आणल्या होत्या. तपासणीसाठी एक खेप, चष्मा नेण्यासाठी दुसरी. दोन दिवसांची मजुरी बुडाली. पुढे त्या तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा चष्मा पिशवीत होता. घातला की डोके दुखते, म्हणाल्या. नंबर तपासला, तो अचूक होता. मात्र काचेचा मध्य बाहुलीसमोर येत नव्हता. चार नंबरच्या काचेचा मध्य पाच मिलिमीटर सरकला, तर एक मीटरवरील वस्तू दोन सेंटिमीटर बाजूला सरकल्यासारखी भासते. दोन्ही डोळ्यांतील प्रतिमा जुळवून घेताना डोळ्यांचे स्नायू थकून जातात. दोष कारागिराचा नव्हता. तपासणीपत्रावर दोन बाहुल्यांमधील अंतराची जागा आम्हीच कोरी ठेवली होती.

या प्रसंगानंतर काच कशी घडते, याचा आम्ही मुळापासून विचार केला. पूर्वी चष्म्याच्या काचा खरोखरच काचेच्या असत. जड आणि पडल्या की फुटणाऱ्या. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत सीआर-३९ या प्लॅस्टिकची भिंगे बाजारात आली आणि वजन जवळजवळ निम्म्यावर आले. काच घडवण्याची रीत मात्र पुष्कळ काळ जुनीच राहिली. भिंगाची पुढची बाजू साच्यातून तयार येई. मागची बाजू नंबराप्रमाणे घासावी लागे. त्यासाठी भिंग कमी उष्णतेवर वितळणाऱ्या मिश्रधातूने ठोकळ्यावर बसवीत. या मिश्रधातूत बहुधा शिसे आणि कॅडमियम असे, म्हणजे कारागिराच्या आरोग्याला धोका. प्रत्येक वक्रतेसाठी वेगळा धातूचा साचा लागे. कार्यशाळेत अशा साच्यांनी भिंतीच्या भिंती भरलेल्या असत.

गेल्या काही दशकांत या कामात मोठा पालट झाला. आता संगणकाच्या आज्ञेने चालणारे हिऱ्याचे टोक फिरत्या भिंगावर क्षणाक्षणाला पुढेमागे होते आणि हवी ती वक्रता कोरते. वक्रतेगणिक वेगळ्या साच्याची गरज उरली नाही. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातील वरून खाली बदलत जाणारा नंबर एकेका रुग्णाच्या मापाप्रमाणे काचेच्या मागच्या बाजूवर कोरता येऊ लागला. धातूऐवजी अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा चिकट पदार्थ वापरण्याची सोयही आली.

असे यंत्र आपण का घेतले नाही, असा प्रश्न आपण विचारालच. त्याची किंमत आणि देखभाल मोठ्या कारखान्यालाच परवडते. आपल्याकडे येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना साध्या नंबरची काच लागते, आणि तशा तयार गोल काचा साठ्यात ठेवता येतात. अडचण होती ती त्या फ्रेममध्ये नेमक्या बसवण्याची. पूर्वी प्रत्येक फ्रेमसाठी फर्मा कापून त्याच्या आधारे कडा घासाव्या लागत. आजचे यंत्र फ्रेमच्या खाचेतून बारीक काटा फिरवून आकार स्वतः टिपते, मध्यबिंदू ठरवते आणि काच कापते. तयार काच उपलब्ध असेल, तर रुग्ण त्याच दिवशी चष्मा घालून घरी जाऊ शकेल. जटिल नंबरच्या काचा मात्र पूर्वीप्रमाणेच बाहेरून मागवाव्या लागतील, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

नवे म्हणजे महागच असावे, असे नाही. जर्मनीतील शिक्षक मार्टिन आउफमुट यांनी तारेपासून चष्म्याची फ्रेम वळवण्याचे हातयंत्र घडवले. त्याला वीज लागत नाही. २०१२ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या चष्म्याला सामग्रीचा खर्च सुमारे एक डॉलर येतो. गरज ओळखून केलेली सुधारणा ती हीच.

चष्म्याने काय साधते? आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांचा अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा मिळाला, त्यांची पाने खुडण्याची क्षमता न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. म्हणजे चष्मा हा गरिबाच्या घरी येणारा मिळकतीचा आधार आहे.

देणगीदारांनी दिलेल्या पैशातून यंत्र आले. त्याचे ऋण शब्दांत फिटणारे नाही. पण यंत्र केवळ कापते. मोजण्याचे काम माणसालाच करावे लागते. दोन बाहुल्यांमधील अंतर त्यात भरावे लागते, आणि ते चुकीचे भरले तर चूकही ते तितक्याच अचूकपणे कापील. म्हणून आम्ही दोन नियम केले आहेत. अंतर लिहिलेले नसेल तर तपासणीपत्र कार्यशाळेत स्वीकारले जाणार नाही; आणि तयार चष्मा लेन्सोमीटरवर तपासून, रुग्णाच्या डोळ्यांवर बसवून पाहिल्यावाचून त्याच्या हाती दिला जाणार नाही.

त्या भगिनीस आम्ही पुन्हा मोजमाप घेऊन नवा चष्मा दिला. त्यांचे बुडालेले दिवस मात्र आम्हाला परत देता आले नाहीत. यापुढे कोणाचेही दिवस असे बुडू नयेत, यासाठी आपला लोभ आणि आपले लक्ष असेच राहो, ही नम्र विनंती.