तीन मिनिटं तिची

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

या सत्रात मला 'स्पोकन वर्ड आणि स्लॅम कविता' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मघाशी चहाच्या वेळी दोघीतिघींनी विचारलंच, की हे स्लॅम म्हणजे काय प्रकरण आहे? शहरातल्या कॉलेजच्या मुली माइकसमोर तावातावाने म्हणतात तेच ना? मग आपल्या वस्तीतल्या, गावातल्या बायकांना त्याचं काय?

प्रश्न रास्त आहे. मी काही कवयित्री नाही. एम. एस. डब्ल्यू. झाल्यापासून गेली बारा वर्षं मी एका वस्तीतल्या समुपदेशन केंद्रात काम करते. त्यामुळे कवितेच्या गुणदोषांवर मी बोलणार नाही. बाई चारचौघांत उभी राहून स्वतःचं सांगते तेव्हा काय होतं, आणि आपण कार्यकर्त्या त्यात कुठे चुकतो, एवढंच बोलणार आहे. यातली एक चूक माझीच आहे. तीही सांगणार आहे.

आधी थोडी माहिती. अमेरिकेतल्या शिकागो शहरात मार्क स्मिथ नावाचा, बांधकामावर काम करणारा एक माणूस कविता करायचा. कवितावाचनाच्या कार्यक्रमांत काही जान उरलेली नाही, कवी कवींसाठीच वाचतात, असं त्याला वाटायचं. १९८६ च्या जुलै महिन्यात त्याने 'ग्रीन मिल' नावाच्या एका बारमध्ये दर रविवारी कवितेची चढाओढ सुरू केली. तीच पोएट्री स्लॅम. नियम अगदी साधे. कविता स्वतःची हवी. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट, त्यापुढे गेलात तर गुण कापणार. वाद्य नाही, वेशभूषा नाही, हातात कुठली वस्तू नाही. परीक्षक पाच, आणि तेही प्रेक्षकांतूनच उचललेले. त्यांनी शून्य ते दहा असे गुण द्यायचे. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण बाजूला काढायचे, उरलेल्या तिघांची बेरीज करायची.

यातली परीक्षकांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कविता चांगली की वाईट हे ठरवायला प्राध्यापक लागत नाही, समीक्षक लागत नाही. कामावरून दमून आलेला माणूसही ते ठरवू शकतो, हे त्या नियमात गृहीत धरलेलं आहे. म्हणून ज्यांना एरवी कुणी व्यासपीठावर बोलावलं नसतं अशा लोकांनी हा प्रकार आपलासा केला. न्यूयॉर्कमध्ये पोर्तोरिकोहून आलेल्या स्थलांतरितांनी १९७० च्या दशकात 'न्यूयोरिकन पोएट्स कॅफे' सुरू केला होता, तिथे स्लॅम रुजली. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. काळ्या मुली, स्थलांतरितांची मुलं, समलिंगी तरुण-तरुणी या मंचावर आले आणि वंशभेद, पोलिसांचा जाच, बलात्कार, घरातली मारहाण यांबद्दल बोलू लागले. २००८ पासून स्त्रियांची वेगळी स्पर्धाही सुरू झाली. २०१५ ची वैयक्तिक जागतिक स्पर्धा एम्तिथाल महमूद या तरुणीने जिंकली. ती जन्माने सुदानची, दारफूरच्या हिंसेतून वाचलेल्या कुटुंबातली. अंतिम फेरीत तिने म्हटलेली कविता तिच्या आईवर होती.

आपल्याकडे हे लोण गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर अशा शहरांत आलं. २०१७ मध्ये अरण्या जोहर या मुंबईच्या अठरा वर्षांच्या मुलीने मुलींवरच्या बंधनांबद्दल म्हटलेली इंग्रजी कविता काही दिवसांत लाखो लोकांनी पाहिली. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, 'मी टू'ची लाट आली तेव्हा अशा मंचांवरच्या काही पुरुषांवरही आरोप झाले. बाईच्या बाजूने कविता म्हटल्या जातात म्हणून तो मंच बाईसाठी आपोआप सुरक्षित होत नाही, हे तेव्हा कळलं.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आपल्या बायका जात्यावर ओव्या म्हणत होत्याच की. अगदी खरं आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात सासुरवास आहे, नवऱ्याची मारहाण आहे, लेकीच्या जन्माचं दुःख आहे, भीमरावांचं कौतुकही आहे. आपल्या चळवळीतही गाणी होती, पथनाट्यं होती. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ मध्ये आलं आणि गावोगाव पोचलं. तेव्हा बाईला बोलायला शिकागोने शिकवलं असा गैरसमज करून घ्यायचं कारण नाही.

पण एक फरक आहे, आणि आज मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे. पहाटे जात्यावर बसलेली बाई एकटी नसायची. समोर जाऊ, नणंद नाहीतर शेजारीण असायची. ती बोलायची जात्याशी, आईशी, विठ्ठलाशी. सासू आतल्या खोलीत जागी असली तरी तिला म्हणता यायचं नाही, की ही माझ्याबद्दल बोलते आहे. ओवी सगळ्यांचीच होती, म्हणून कुणा एकीला पकडता येत नव्हतं. पथनाट्यातही आपण दहाजणी असायचो. स्लॅममध्ये मात्र बाई एकटी उभी असते. 'मी' म्हणते. तिचं नाव पुकारलं जातं. आणि समोर शंभर मोबाईल धरलेले असतात. ओवीमध्ये बाईला जो आडोसा होता, तो इथे नाही.

हे मला पुस्तक वाचून कळलेलं नाही. आता माझी चूक सांगते.

समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला केस लिहायला शिकवतात. बाई समोर बसून तासभर बोलते. त्यात तिने पाणी भरताना सांडलेली कळशी असते, मुलाच्या वाढदिवसाला फेकलेलं ताट असतं. आम्ही लिहितो, 'पतीकडून शारीरिक व मानसिक त्रास, कालावधी सहा वर्षे.' असं लिहावं लागतं, कोर्टात तेच लागतं. पण बाई आपला कागद ऐकते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एक परकेपणा येतो. हे माझंच आहे का, असा. शहरातल्या एका कॅफेत मी पहिल्यांदा स्लॅम पाहिली तेव्हा मला वाटलं, इथे बाईला तिचे शब्द परत मिळतात. मी भारावून गेले.

आठ मार्चच्या कार्यक्रमात मी वस्तीच्या समाजमंदिरात तसाच प्रयोग केला. तीन मिनिटं, स्वतःचे शब्द, यमक जुळायलाच हवं असं नाही. सातजणी तयार झाल्या. प्रेक्षकांतून पाच परीक्षक काढले, पाट्यांवर गुण लिहायला खडू दिले. सगळं अगदी नियमाप्रमाणे.

कचरा वेचणाऱ्या एक मावशी पहिल्यांदा बोलल्या. वस्तीत सार्वजनिक संडासाला दिवा नाही, रात्री जायला नको म्हणून बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, हे त्यांनी सांगितलं. आवाज बारीक, मध्ये दोनदा अडखळल्या. त्यांना चार-पाच गुण पडले. मग पॅकिंगच्या कामाला जाणारी, चोवीस वर्षांची एक मुलगी उभी राहिली. तिने नवऱ्याच्या माराबद्दल सांगितलं. कुठे मारतो, कधी मारतो, शेजारच्या भिंतीला कान कसे असतात आणि तोंड कसं नसतं. सभागृह सुन्न झालं. मग टाळ्या. नऊ, नऊ, दहा.

कार्यक्रम संपल्यावर मावशी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताई, माझं दुःख कमी भरलं का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही नीट देता येत नाही. आम्ही ज्यांना रोज सांगतो की कुठलीही हिंसा लहान नाही, त्यांच्याच दुःखाला मी तराजूत घातलं होतं. आणि त्या तराजूला एक खोड असते. जास्त रक्त दिसलं की जास्त गुण. पुढच्या वेळी उभी राहणारी मुलगी मग शोधू लागते, की माझ्या आयुष्यात टाळ्या घेण्याइतकं भयंकर काय आहे. अंधारातल्या संडासाला टाळ्या पडत नाहीत. पण वस्तीतल्या सगळ्या बायकांचा प्रश्न तोच होता.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर झाली. त्या मुलीचं बोलणं कुणीतरी मोबाईलवर टिपलं. वाईट हेतूने नसेल, कौतुकानेच असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून तिच्या दिरापर्यंत पोचला. रात्री साडेदहाला ती अंगावरच्या साडीनिशी केंद्रात आली. मुलगा घरात ठेवून घेतला होता. त्यानंतरचे दिवस पोलीस चौकी, संरक्षण अधिकारी, सासरच्यांशी बोलणी यांत गेले. २००५ च्या कायद्याप्रमाणे तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे हे समजावताना आमचा घसा बसला. मुलगा चौथ्या दिवशी तिच्या ताब्यात आला. ती त्या घरात परत गेली नाही, आज वेगळी राहते.

मी तिची माफी मागितली. म्हटलं, मी तुला बोलायला लावायला नको होतं. त्यावर ती चिडली. म्हणाली, "मला बोलायचंच होतं. त्याबद्दल तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण कुणापुढे बोलायचं, ते मला ठरवायचं होतं."

मैत्रिणींनो, या विषयावर मला जे सांगायचं आहे ते सगळं तिच्या या वाक्यात आहे. आपण दोन टोकांना जातो. एक तर बाईला बोलायला लावणं म्हणजेच मुक्ती, असं मानतो. नाहीतर तिला त्रास होईल म्हणून तिच्या वतीने आपणच बोलतो. दोन्हीकडे निर्णय आपला असतो. काय सांगायचं, किती झाकायचं, कुणाच्या कानावर घालायचं, हे तिने ठरवायला हवं. २०१० मध्ये अबूधाबीच्या दूरदर्शनवरच्या कवितास्पर्धेत हिस्सा हिलाल या सौदी बाईने कट्टर फतवे काढणाऱ्यांवर टीका करणारी कविता म्हटली. चेहरा पूर्ण झाकलेला, शब्द मात्र उघडे. धमक्या आल्या, तरी ती अंतिम फेरीत तिसरी आली. त्या बुरख्याबद्दल आपले मतभेद असू शकतात. पण काय उघडं ठेवायचं याची तिची निवड लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग आम्ही हा प्रकार सोडून दिला का? नाही. बायकांनीच सोडू दिला नाही. पण त्यांच्याशी बसून नियम बदलले. ते सांगते, तुम्हाला उपयोगी पडले तर घ्या.

गुण काढून टाकले. तीन मिनिटं मात्र ठेवली, कारण त्यामुळे जास्त बोलणारीला आवर बसतो आणि न बोलणारीला हक्काची वेळ मिळते. आणि हे सभेत आपल्या पुढाऱ्यांनाही लागू करावं. दारात एक टोपली ठेवतो, सगळे मोबाईल त्यात. कार्यक्रमाच्या आधी बोलणारी प्रत्येक बाई सांगते, की समोर कोण असलेलं चालेल. काही वेळा फक्त आम्ही बाराजणी असतो. 'मी' म्हणायचं की 'ती', की घरातल्या तव्याच्या, उंबऱ्याच्या तोंडी घालायचं, हे जिचं तिने ठरवायचं. जात्यावरचा आडोसा आम्ही असा परत आणला. बोलून झाल्यावर कुणीतरी एक कार्यकर्ती तिच्यासोबत घरापर्यंत जाते, आणि आठवडाभर चौकशी ठेवते. जिचं बोलणं लैंगिक अत्याचाराबद्दल असेल तिथे कायदाही ध्यानात ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख तिच्या लेखी परवानगीशिवाय प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सोचे नियम आणखी कडक आहेत. आपल्या संस्थेच्या अहवालात किंवा पेजवर हौसेने फोटो टाकण्यापूर्वी हे आठवावं.

आणि शेवटचा नियम, जो मावशींनी घातला. ऐकून झाल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत. 'आता काय करायचं', हे विचारायचं. त्यांच्या संडासाच्या दिव्यासाठी पुढच्याच आठवड्यात एकवीस बायका वॉर्ड ऑफिसला गेल्या. तीन खेपा झाल्या. दिवा लागला, पावसाळ्यात बंद पडला, पुन्हा खेपा चालू आहेत.

ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिली. या वेळी तिने आपल्याबद्दल एक शब्दही काढला नाही. तीन मिनिटं ती आपल्या कारखान्यातल्या सुपरवायझरबद्दल बोलली, आणि आम्ही सगळ्याजणी पोट धरून हसलो. मला आधी वाटलं, ही मूळ दुःख टाळते आहे. समुपदेशकाची सवय, दुसरं काय. नंतर समजलं, की तिला आज हेच सांगायचं होतं.

माझं बोलणं तीन मिनिटांच्या बरंच पुढे गेलं आहे, म्हणजे माझेही गुण कापले पाहिजेत. आता चर्चेला बसू. पण चर्चेआधी एक विनंती. आपापल्या गटात जाऊन बायकांना 'बोला' म्हणण्यापूर्वी त्यांना हे विचारा, की तुम्हाला कुणापुढे बोलायला आवडेल? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.